चाळीस ग्रॅमची फिल्म, चौदाशे किलोची हवा

छातीच्या एक्स-रेची मोठी फिल्म, चौदा बाय सतरा इंची, वजनाला जेमतेम चाळीस ग्रॅम भरते. जाडी पाव मिलिमीटरहून कमी. बेंगळुरूच्या एखाद्या रुग्णालयात ही फिल्म आडवी ठेवली, तर तिच्या वरच्या बाजूवर हवेचा किती भार पडतो? हिशेब केला तर उत्तर येते सुमारे १,४०० किलो. खालूनही हवा तेवढ्याच जोराने वर रेटत असते, म्हणून हा भार कुणाला जाणवत नाही. पण खालच्या बाजूला हवेला शिरायला वाटच उरली नाही, तर? कॅसेटमधून फिल्म उचलणारे यंत्र याच प्रश्नावरचे उत्तर आहे, आणि मला ते फार देखणे वाटते.

एक्स-रेची कॅसेट म्हणजे उजेड आत येऊ न देणारी चपटी पेटी. तिच्या दोन्ही आतल्या बाजूंना स्क्रीन चिकटवलेले असतात आणि फिल्म त्यांच्या मधोमध बसते. फिल्मवर जी प्रतिमा उमटते ती बहुतांशी क्ष-किरणांनी उमटतच नाही. क्ष-किरण पडले की स्क्रीन चमकतात, पूर्वीचे कॅल्शियम टंगस्टेटचे निळसर आणि १९७०च्या दशकापासूनचे गॅडोलिनियमचे हिरवे, आणि त्या चमकेनेच फिल्म काळी होते. म्हणून थोड्याशा क्ष-किरणांत काम भागते. अट एकच: फिल्म आणि स्क्रीन यांच्यात फट राहता कामा नये. फट राहिली की उजेड पसरतो आणि बरगडीची कड धूसर होते. त्यासाठी कॅसेटमध्ये दाब देणारा फोम असतो. काही कंपन्यांनी तर कॅसेटची पाठ किंचित वक्र केली, म्हणजे झाकण बंद होताना मधली हवा कडेकडेने बाहेर ढकलली जाते.

फोटो चांगला यावा म्हणून हवा अशी मुद्दाम हाकलली जाते. फिल्म बाहेर काढायची वेळ आली की हीच सोय आडवी येते.

डार्करूममध्ये हे काम हाताने चाले. लाल दिव्याच्या मंद उजेडात कॅसेट उघडायची, जरा कलती करायची आणि सुटलेली कड बोटांच्या टोकांनी धरायची. नखाने उकरायचे नाही, कारण फिल्म जरा दुमडली तरी तिथे चंद्रकोरीसारखा डाग उठतो: एक्स-रे काढण्याआधी दुमडली तर फिकट, नंतर दुमडली तर काळा. झटक्याने ओढली तर स्थिर वीज पेटते आणि फिल्मवर निष्पर्ण झाडासारख्या फांद्या उमटतात. बेंगळुरूत फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी हवा कोरडी असते, तेव्हा हा धोका वाढतो. डॉक्टरने फुप्फुसात पाहायचे आणि तिथे दिसायची विजेची फांदी!

जिथे माणसे हजारोंनी तपासायची असत, तिथे सुट्या फिल्मचा हा खटाटोप परवडतच नसे. १९५९ साली बेंगळुरूत राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. १९६०-६१मध्ये शेजारच्या तुमकूर जिल्ह्यात झालेल्या क्षयरोगाच्या पाहणीत छातीचे छोटे फोटो ७० मिलिमीटरच्या फिल्मवर घेतले गेले. असे रीळ नुसते पुढे सरकवायचे. प्रत्येक माणसामागे कॅसेट उघडा आणि मिटा, हे नाही. रुग्णालयांना मात्र मोठी, सुटी फिल्मच हवी होती.

मग आली ‘डेलाइट’ यंत्रे. भरउजेडात कॅसेट खाचेत सरकवायची. आतल्या अंधारात यंत्र तिचे कुलूप उघडते, झाकण उचलते आणि रबरी कपांची एक रांग फिल्मवर येऊन टेकते. लहानसा पंप कपांतली हवा काढून घेतो. कप फिल्मला ओढत नाही. आतली हवा कमी झाली की फिल्मच्या दुसऱ्या बाजूची हवा तिला कपाकडे ढकलते. दोन सेंटिमीटर व्यासाचा एक कप, त्यातली पाव हवा काढलेली, एवढ्यानेही बेंगळुरूत सुमारे सातशे ग्रॅम पेलतात. चाळीस ग्रॅमच्या फिल्मला हे कितीतरी जास्त.

पण सपाट चिकटलेली फिल्म सरळ वर उचलायला जा, की ते सातशे ग्रॅम कुठल्या कुठे जातात. फिल्मखालच्या केसाएवढ्या फटीतून हवा फार सावकाश आत झिरपते. घाईने उचलले तर खालचा दाब घसरतो आणि वरची हवा फिल्मला जागेवरच दाबून धरते. म्हणून कपांची रांग मध्यभागी नसते, एका कडेला असते. ती कड थोडी वळवून उचलते. तिथे पाचरीसारखी फट पडते, फटीतून हवा आत धावते आणि जिथे हवा पोचली तिथला भार त्या क्षणी शून्य होतो. पुढचे काम हवाच करते; फिल्म एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुटत जाते आणि रोलरच्या तोंडी लागते. शिवाय कडेला कपाचा वळ उमटला तरी निदानाला बाध येत नाही.

हे सगळे अंधारात, आणि यंत्राला डोळे नाहीत. फिल्म हाती आली की नाही हे ते दाबावरून ओळखू शकते: कपातला दाब उतरून तिथेच टिकला तर पकडली, पुन्हा चढला तर निसटली. उलट्या कामात, म्हणजे शंभर फिल्मच्या गठ्ठ्यातून एक उचलून रिकाम्या कॅसेटमध्ये भरताना, निराळीच भीती असते. एकीला दुसरी चिकटून आली तर? तिथेही कड वळवण्याचीच युक्ती कामी येते. वरची वाकते, खालची तेवढी वाकत नाही आणि गळून पडते. ऑफसेट छपाईच्या यंत्रावर कागदाचा एकेक ताव असाच उचलला जातो.

आता बेंगळुरूच्या उंचीकडे पाहू. १६४८ साली पास्कालच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी फ्रान्समधल्या प्युई द डोम या डोंगरावर नेली आणि सुमारे हजार मीटर चढताना पारा खाली उतरलेला पाहिला. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटरवर आहे. मुंबईत ७६ सेंटिमीटर उभा राहणारा पारा इथे साधारण ६८वर थांबतो. त्याच फिल्मवर मुंबईत हवेचे जवळजवळ १,६०० किलो असतात, इथे १,४००. म्हणजे बेंगळुरूत कपाची ताकद दहा टक्क्यांनी घटते. पण फिल्मला स्क्रीनवर दाबून धरणारी ताकदही तेवढ्याच दहा टक्क्यांनी घटते! उचलणारी आणि अडवणारी, दोन्ही हवाच. त्यामुळे कडेपासूनची तीच युक्ती दोन्ही शहरांत सारखीच लागू पडते.

फिल्म आता मागे पडत चालली आहे. फुजीने १९८३मध्ये बाजारात आणलेल्या पद्धतीत कॅसेटमध्ये फिल्मऐवजी फॉस्फरची प्लेट असते. लेसरने वाचायची, प्रखर उजेडाने पुसायची आणि पुन्हा वापरायची. पण प्लेटही कॅसेटमधून बाहेर काढावीच लागते, आणि पुष्कळ यंत्रांत तिच्यावरही ते रबरी कपच येऊन टेकतात. वापराने रबर कडक होते, त्याला बारीक भेग पडते, तिच्यातून हवा आत शिरते आणि प्लेट जागची हलत नाही. लाखो रुपयांचे यंत्र अशा वेळी एका छोट्या रबरी कपासाठी अडून बसते.