खेकड्यासाठी घरचा नदीकाठ

खेकडा पाण्यात बुडून मरेल का? हा प्रश्न वर्गात विचारला की मुले हसतात. पण काही वर्षांपूर्वी माझ्याच हातून दोन खेकडे असे मेले. पावसाळ्यात ओढ्यावरून आणलेले ते खेकडे मी बादलीत ठेवले, बादली काठोकाठ पाण्याने भरली आणि ते पळू नयेत म्हणून वर पाटा ठेवून दिला. खेकडा पाण्यातला प्राणी, तेव्हा जितके पाणी जास्त तितका तो सुखात राहील, असा माझा समज. सकाळी पाहिले तर दोन्ही खेकडे निपचित पडले होते.

असे का झाले? एक साधा हिशेब करू. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात फार तर ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो. एक लिटर हवेत मात्र तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो, म्हणजे तीस पटींहून अधिक! ओढ्याचे पाणी खळाळते, त्यात हवा सतत मिसळत राहते. बादलीतले पाणी स्थिर, आणि वर झाकण. त्यातला थोडासा प्राणवायू दोघांनी मिळून रातोरात संपवला. बाहेर येऊन हवा घ्यावी, तर पाय टेकायला कोरडी जागाच नव्हती.

ओल्या कल्ल्यांचा प्राणी

आपल्याकडील शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी बिळे करून राहणारा खेकडा गोड्या पाण्यातला आहे. दख्खनच्या पठारावर सर्रास आढळणाऱ्या एका जातीचे शास्त्रीय नाव बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस. तिचे शास्त्रीय वर्णन १८३६ साली प्रसिद्ध झाले. नावातील दुसरा शब्द बिळासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आला आहे, आणि तो तिला शोभतोही.

या खेकड्याचे कल्ले पाठीच्या कवचाखाली दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत असतात. पाण्यात असताना तो या कप्प्यांतून पाणी खेळवतो. पाण्याबाहेर आला तरी कल्ले ओले असेपर्यंत त्याचा श्वास चालू राहतो. शिवाय या कप्प्यांच्या आतल्या अस्तरात रक्ताच्या बारीक मार्गांचे जाळे असते आणि तेथूनही हवेतला प्राणवायू रक्तात जातो. म्हणजे त्याला दोन्ही हवे : कल्ले ओले ठेवण्यासाठी पाणी आणि मोकळ्या हवेसाठी जमीन. नुसत्या पाण्यात तो गुदमरेल, नुसत्या कोरड्या जमिनीवर कल्ले सुकून मरेल. म्हणून त्याचे घर अर्धे जमिनीचे, अर्धे पाण्याचे हवे.

पेटी कशी मांडावी?

६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. उंच अशी काचेची पेटी एका खेकड्याला पुरते. आधी ती भक्कम टेबलावर ठेवा आणि मगच भरा. भरल्यावर नुसती माती आणि पाणी यांचेच वजन २५ किलोच्या आसपास जाते. मग पेटी हलवू गेल्यास काच तडकते. जागा सावलीची असावी. उन्हात पाणी तापते, आणि पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी.

पेटीच्या मध्यावर चपट्या दगडांचा १२ सें.मी. उंचीचा बांध घाला. दगड थेट तळाच्या काचेवर नीट बसवा, मातीवर नको. खेकडा खालची माती उकरतो आणि दगड ढासळून तोच चिरडतो. बांधाच्या एका अंगाला आधी बारीक खडीचा थर द्या. त्यामागे निम्मी माती व निम्मी वाळू यांचे ओले मिश्रण हाताने दाबत बांधाच्या उंचीपर्यंत भरा. ही झाली जमीन. माती शेतातली घेतल्यास तिच्यावर कीटकनाशक फवारलेले नाही याची खात्री करा. कीटक आणि खेकडा हे दोघेही संधिपाद संघातले. जे औषध किड्याला मारते ते खेकड्यालाही मारते.

दुसऱ्या अंगाला तळाशी धुतलेली वाळू पसरा आणि ६-७ सें.मी. पाणी घाला. खेकड्याची पाठ बुडेल इतकेच पाणी पुरे. पाण्यातून जमिनीवर चढायला दगडांची उतरण करा. नळाचे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत एक दिवस उघडे ठेवून मगच वापरा, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जाईल. तांब्याच्या भांड्यातले पाणी नको. पाण्यात उतरलेले तांबे खेकड्याला घातक असते. मीठही घालू नका, हा समुद्राचा खेकडा नव्हे.

दोन दिवसांनी काचेतून मातीकडे निरखून पाहा. खालच्या भागात गडद ओली पट्टी दिसेल. दगडांच्या फटींतून पाणी मातीत झिरपते आणि त्याची पातळी दोन्हीकडे सारखी होते. विहिरीतल्या पाण्याचे तत्त्व हेच. खेकड्याने बीळ खणले की ते बहुधा या ओलीपर्यंत पोचते.

जमिनीवर लपण्यासाठी फुटक्या कुंडीचा तुकडा किंवा कौल उपडे ठेवा. वर लाकडी चौकटीत बसवलेली प्लॅस्टिकची जाळी ठेवून तिच्यावर वजन ठेवा. खेकडा कोपऱ्यात चढून निसटण्यात पटाईत असतो.

रोजची निगा

पेटीत खेकडा एकच ठेवावा. दोघे ठेवले तर भांडतात, आणि नुकतीच कात टाकलेल्याला दुसरा खाऊनही टाकतो. उचलताना मागच्या बाजूने, कवचाच्या दोन्ही कडांना धरावे, म्हणजे नांगी बोटापर्यंत पोचत नाही. त्याला संध्याकाळी खाऊ घाला : गांडूळ, मासळीचा लहान तुकडा, भाताची शिते, कुजकी पाने. उरलेले अन्न सकाळी काढून टाका, कारण ते कुजताना पाण्यातला प्राणवायूच खर्च होतो. आठवड्यातून दोनदा नळीने निम्मे पाणी काढून नवे घाला आणि डासांच्या अळ्या दिसल्या तर गाळून काढा. माती ओलसर राहील इतके पाणी शिंपडा.

कधी खेकडा खाणे सोडून दडून बसतो. आजारी आहे असे समजून त्याला बाहेर ओढू नका. तो कात टाकण्याच्या तयारीत असू शकतो. कवच वाढत नाही, म्हणून वाढणाऱ्या खेकड्याला ते टाकून नवे घ्यावे लागते. नवे कवच काही दिवस मऊ असते. टाकलेले कवच पेटीतच राहू द्या; त्यातला चुना परत मिळवण्यासाठी तो ते खातो. तुटलेला पाय असेल, तर कात टाकताना त्या जागी लहानसा नवा पाय आलेला दिसेल.

पोटाखालची घडी रुंद असेल तर ती मादी, अरुंद व टोकदार असेल तर नर. समुद्री खेकड्यांच्या अंड्यांतून पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म अळ्या निघतात. आपल्या या खेकड्याच्या अंड्यांतून मात्र थेट चिमुकले खेकडेच बाहेर येतात, आणि आई त्यांना काही काळ पोटाखाली बाळगते. पोटाखाली अंडी वा पिले असलेली मादी सापडली तर तिला आणूच नये. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून तर काहीच उचलायचे नसते.

एक प्रयोग

पाणी बदलल्याच्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी सात ते नऊ या वेळात दर दहा मिनिटांनी पाहा : खेकडा पाण्यात आहे की जमिनीवर? वहीत दोन रकाने करून खुणा करा. असे चार आठवडे करा. पाणी शिळे झाल्यावर तो जमिनीवर अधिक राहतो का? उत्तर आधी ठरवू नका, खुणा मोजा.

महिनाभराने खेकडा जेथून आणला त्याच ओढ्यावर नेऊन सोडा, दुसऱ्या ओढ्यात नको. काठावर ठेवल्यावर तो आधी पाण्यात शिरतो की दगडाखाली, तेही वहीत लिहा. बादलीतल्या त्या दोघांना मी ही निवड करू दिली नव्हती.