‘लावणे’ आणि ‘लागणे’ : पुनर्रोपणाच्या संकल्पनेची भाषिक रूपे

प्रस्तावना

एका जागी वाढलेले रोप मुळासह काढून दुसऱ्या जागी लावणे ही क्रिया भातशेती करणाऱ्या समाजांना फार प्राचीन काळापासून परिचित आहे. विसाव्या शतकात हीच कल्पना शल्यविद्येने उचलली आणि एका देहातील अवयव दुसऱ्या देहात बसविला जाऊ लागला. आज नागरी प्रशासनही रस्ते व मेट्रो मार्गांच्या आड येणाऱ्या वृक्षांसंबंधी हीच भाषा वापरते. प्रस्तुत लेखात निरनिराळ्या भाषांनी या क्रियेला कोणती नावे दिली, त्या नावांत क्रियेचा कोणता भाग दिसतो आणि कोणता झाकला जातो, याचा विचार करावयाचा आहे.

या क्रियेचे दोन भाग आहेत. काढून नेणे आणि लावणे हा पहिला भाग. तो माणसाच्या हातात असतो. नव्या जागी मूळ धरणे हा दुसरा भाग; तो रोपाच्या, अवयवाच्या आणि त्याला सामावून घेणाऱ्या भूमीच्या वा देहाच्या स्वाधीन असतो. बहुतेक पारिभाषिक संज्ञा पहिल्या भागाशीच थांबतात, असे या अभ्यासातून दिसून येते.

शेतकऱ्याची मराठी

मराठीत भाताच्या पुनर्रोपणाला एकच नाव नाही. कोकणात बहुधा ‘लावणी’ म्हणतात. ठाणे, पालघर व नाशिकच्या डोंगराळ पट्ट्यात ‘आवणी’ हा शब्द आहे. उपटलेली रोपे म्हणजे ‘आवण’. कोल्हापूर व सिंधुदुर्गाकडे रोपांना ‘तरवा’ म्हणतात, तर भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत रोपे म्हणजे ‘पऱ्हे’ आणि त्यांची लागवड म्हणजे ‘रोवणी’. कृषी खात्याच्या पुस्तिकांत मात्र ‘पुनर्लागवड’ हा घडविलेला शब्द आढळतो. तो चुकीचा नाही. पण चिखलात वाकून काम करणाऱ्या बाईच्या तोंडी तो सहसा येत नाही.

‘रोवणी’ आणि ‘लावणी’ या दोन शब्दांतील फरक लक्षात घेण्यासारखा आहे. खांब रोवतात, झेंडा रोवतात. रोवण्यात खुपसण्याची, भूमीत घट्ट करण्याची कल्पना प्रधान आहे. ‘लावणे’ या क्रियापदाचा पसारा याहून कितीतरी मोठा. दिवा लावतात, दार लावतात, वळण लावतात, जीवही लावतात. (लावणी या काव्यप्रकाराचे नाव शेतातील लावणीवरून आले की लावण्यावरून, हा वाद जुना आहे; त्यात येथे शिरावयाचे कारण नाही.) या क्रियापदाला ‘लागणे’ ही अकर्मक जोडी आहे. व्युत्पत्तीचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी मराठी भाषकाच्या मनात ‘लावणे’ हे ‘लागणे’चे प्रयोजक रूप म्हणूनच वावरते. त्यामुळे ‘झाड लावले, पण लागले नाही’ हे वाक्य मराठीत सहज संभवते. लावणारा माणूस; लागणारे झाड. बी रुजते, रोप लागते, कलम धरते, असे सूक्ष्म भेदही बोलीने जपले आहेत.

या भेदामागे प्रत्यक्ष अनुभव आहे. साधारणतः २१ ते २५ दिवसांची भाताची रोपे चिखलात लावली की ती काही दिवस पिवळी पडतात, माना टाकतात. उपटताना तुटलेल्या मुळांच्या जागी नवी मुळे फुटल्यावरच पुन्हा हिरवी होतात. जी मरतात त्यांच्या जागी नवी रोपे लावावी लागतात. त्या कामालाही स्वतंत्र नाव आहे : ‘नांग्या भरणे’. लावलेल्यांपैकी काही लागणार नाहीत हे या भाषेने आधीच मान्य करून ठेवलेले आहे.

संस्कृतातील ‘रुह्’

‘रोप’, ‘रोपण’, ‘रोवणे’ या शब्दांचे मूळ संस्कृत ‘रुह्’ धातूत आहे. त्याचा अर्थ वाढणे, वर चढणे. प्रयोजक रूपात या धातूतील ‘ह’चा विकल्पाने ‘प’ होतो, असा पाणिनीचा नियम आहे. म्हणून ‘रोहयति’ आणि ‘रोपयति’ ही दोन्ही रूपे शुद्ध. तेव्हा ‘रोपण’ म्हणजे मुळात खुपसणे नव्हे, तर वाढविणे, वाढावयास लावणे. आयुर्वेदात ‘व्रणरोपण’ म्हणजे जखम भरून आणणे; रोपण तेलाने काही रोवले जात नाही, मांस भरून येते. आपण आज ‘रोपण’ हा शब्द ऐकतो तेव्हा हा वाढीचा अर्थ कानांवर येत नाही, ही मराठीची एक हानीच म्हटली पाहिजे.

कालिदासाने ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात, रघूच्या दिग्विजयात, वंग देशाच्या राजांना ‘उत्खातप्रतिरोपित’ म्हटले आहे. रघूने त्यांना उपटले, पुन्हा स्थापले, आणि लावणीच्या भाताप्रमाणे त्यांनी त्याला भरघोस फळ दिले. उपमा गंगेच्या मुखाजवळील भातशेतीच्या प्रदेशाला साजेशी आहे. या समासात ‘उत्खात’ हा घटक आहे. मूळ जागेवरून उपटले जाण्याचा उल्लेख इतक्या स्पष्टपणे करणारी संज्ञा या लेखातील अन्य भाषांत नाही. आजच्या ‘प्रत्यारोपण’ शब्दातून हा ‘उत्खात’ नेमका गळाला आहे.

‘प्रत्यारोपण’ या संज्ञेची आणखी एक अडचण मराठीपुरती आहे. ‘आरोपण’ म्हणजे एखाद्यावर ठेवणे, चढविणे; त्यातूनच दोष ठेवणे या अर्थाचा ‘आरोप’ आला. वृत्तपत्रांच्या वाचकाला ‘आरोप-प्रत्यारोप’ रोज भेटतात. रुग्णाच्या नातेवाइकांसमोर ‘प्रत्यारोपण’ हा शब्द येतो तेव्हा त्याच्या शेजारी हा कलकलाट उभा असतो.

खुपसणे, हलवणे, जोडणे

अन्य भाषांकडे पाहता तीन-चार कल्पना पुनःपुन्हा भेटतात. फ्रेंचमध्ये रोपांच्या लागवडीला ‘रपिके’, म्हणजे पुन्हा टोचणे, असे म्हणतात. चिनी भाषेतील ‘छायांग’ म्हणजे रोपे खुपसणे. कन्नडमधील ‘नाटी’ व तेलुगूतील ‘नाट्लु’ हे रुतविण्याच्या कल्पनेशी जोडलेले शब्द आपल्या ‘रोवणी’च्या जवळचे आहेत. इंग्रजीतील ‘ट्रान्सप्लांट’ मात्र लॅटिनमधून आलेला. त्यातील ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, आणि ‘प्लांटा’ म्हणजे रोप तसेच पायाचा तळवाही. येथे हलविण्यावर भर आहे.

कलमाची कथा अधिक मनोरंजक आहे. मराठी ‘कलम’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू. त्यावरून अरबी ‘कलम’ म्हणजे लेखणी. लेखणीसारखी तासलेली फांदी, म्हणून आंब्याचे कलम. आणि लेखणीशी नाते, म्हणून कायद्याचेही कलम. इंग्रजी ‘ग्राफ्ट’ व फ्रेंच ‘ग्रेफ’ हे शब्द लेखणी या अर्थाच्या दुसऱ्याच एका ग्रीक शब्दावरून आले. दोन स्वतंत्र वाटांनी माळ्याच्या सुरीने लेखकाची लेखणीच आठवली. (संस्कृतात ‘कलम’ हे भाताच्या एका जातीचेही नाव असून कालिदासाच्या उपमेत तेच भात आहे. त्याची या कलमाशी गल्लत करू नये.)

शल्यविद्येने काय निवडले

२३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाऊन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. पुढच्याच फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी तसा प्रयत्न केला, परंतु रुग्ण काही तासांतच दगावला. या नव्या क्रियेला नाव देताना प्रत्येक भाषेने आपल्या जुन्या साठ्यात हात घातला. बर्नार्ड यांच्या आफ्रिकान्स भाषेने ‘हार्टओअरप्लांटिंग’, म्हणजे हृदय पलीकडे लावणे, असा शब्द केला. अरबीत अवयवांची ‘झर्अ’ म्हणजे पेरणी होते. फारसी व उर्दूने जोडण्याची कल्पना पत्करली : ‘पैवंद’; हिंदीतील ‘पैबंद’, म्हणजे कापडाचे ठिगळ, त्याचेच भावंड. कन्नडने माळ्याचा ‘कसी’, म्हणजे कलम, हा शब्द उचलला. तेलुगूतील ‘मार्पिडी’त अदलाबदल आहे आणि बंगालीतील ‘प्रतिस्थापन’ हा तर यंत्राचा भाग बदलण्यासारखा शब्द आहे. आपल्याकडेही बोलताना ‘किडनी बसवली’ असेच म्हणतात.

या सर्वांत फारसीचा ‘पैवंद’ मला सर्वाधिक प्रामाणिक वाटतो, कारण जोडले जाण्यास दोन बाजू लागतात. सुश्रुताच्या परंपरेतही तुटलेल्या नाककानाच्या दुरुस्तीला ‘संधान’ म्हटले आहे, रोपण नव्हे.

दुसऱ्या भागाला नाव देण्यात मात्र जपानी भाषा सर्वांच्या पुढे आहे. तेथे भाताची लावणी ‘ताउए’, तर अवयवाचे प्रत्यारोपण ‘इशोकु’, म्हणजे हलवून लावणे. पण लावलेल्या रोपाने मूळ धरणे याला ‘कच्चाकु’ आणि बसविलेल्या अवयवाने देहात जीव धरणे याला ‘सेइचाकु’ अशा दोन स्वतंत्र संज्ञा आहेत. दोन्हींत चिकटण्याचे अक्षर एकच आहे. हिब्रूत रोपाने मूळ धरण्याशी संबंधित ‘क्लिता’ हा शब्द स्थलांतरितांच्या सामावण्यासाठीही वापरतात. मराठी वैद्यकीय भाषेत आपण ‘शरीराने अवयव स्वीकारला’ किंवा ‘नाकारला’ असे म्हणतो. त्यात निर्णय घेणारी व्यक्ती डोकावते, जणू देहाने विचार करून नकार दिला. प्रत्यक्षात प्रतिकारसंस्थेचे हे काम अखंड चालू राहते आणि ते आवरण्यासाठी बहुतेक रुग्णांना आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात. ‘प्रत्यारोपण झाले’ या भूतकाळी वाक्याने नातेवाइकांची जी समजूत होते, ती या वस्तुस्थितीशी जुळत नाही.

झाडे आणि माणसे

महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या संरक्षणविषयक कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणे काम करतात. बांधकामाच्या प्रस्तावांत तोडावयाची, राखावयाची आणि ‘पुनर्रोपित’ करावयाची झाडे अशी विभागणी असते. तिसऱ्या गटातील आकडा वाचताना नागरिकाला ती झाडे वाचली असे वाटते. येथे शब्द केवळ अपुरा राहत नाही, तर तो निर्णयावर प्रभाव टाकतो. दिल्ली सरकारने २०२० च्या वृक्ष पुनर्रोपण धोरणात वर्षअखेर किमान ८० टक्के झाडे जिवंत असावीत अशी अट घातली. २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयात सादर झालेल्या माहितीनुसार आधीच्या तीन वर्षांत हलविलेल्या १६,००० हून अधिक झाडांपैकी सुमारे एक तृतीयांशच जगली होती. ८० टक्क्यांची ही अट म्हणजे ‘लागणे’ या क्रियापदाला प्रशासकीय भाषेत मिळालेली जागा होय. लावलेली झाडे आणि लागलेली झाडे असे दोन रकाने आपल्या प्राधिकरणांच्या तक्त्यांतही मांडता येतील. त्यासाठी नवी परिभाषा घडवावी लागणार नाही.

माणसांच्या बाबतीत मराठीचा प्रशासकीय शब्द ‘पुनर्वसन’. धरणग्रस्तांसाठी महाराष्ट्राने १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. इंग्रजीत या विषयात नवी जागा देणे आणि मोडलेली उपजीविका पुन्हा उभी करणे यांसाठी दोन निरनिराळे शब्द आहेत. केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या मराठी नावातही म्हणूनच ‘पुनर्वसन व पुनर्स्थापना’ असे दोन शब्द येतात. व्यवहारातील मराठीत मात्र भूखंडाचा कागद हाती पडला तरी पुनर्वसन झाले, आणि वीस वर्षांनी शेत पिकू लागले तरी पुनर्वसनच झाले. नव्या वसाहतीतील म्हाताऱ्या माणसांना विचारले, तर ती या दोन्हींपैकी एकही शब्द न वापरता ‘अजून रुळलो नाही’ एवढेच सांगतात.