लोकर जगाला, गारठा पिल्लांना! पेरूचा ‘अल्पाका दिन’ नेमका कशासाठी?

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात दरवर्षी १ ऑगस्टला राष्ट्रीय अल्पाका दिन साजरा होतो. मात्र ज्या जनावराच्या लोकरीवर जगभरातले महागडे स्वेटर विणले जातात, त्याचीच पिल्ले याच दिवसांत थंडीने दगावतात. काय आहे हे प्रकरण? जाणून घेऊया.

अल्पाका म्हणजे काय?
उंटाच्या कुळातला, पण पाठीवर मदार नसलेला प्राणी. दिसायला लामासारखा, आकाराने लहान. रानटी विकुन्यापासून अँडीज पर्वतातील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो माणसाळवला. जगातील बहुतांश अल्पाका पेरूमध्येच आहेत. २०१२ च्या कृषी गणनेत तिथे त्यांची संख्या ३६ लाखांहून अधिक होती.

अंगावर लोकर, मग थंडीची भीती का?
विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने पेरूमध्ये जून ते ऑगस्ट हा हिवाळा. कळप चरतात सुमारे ४ हजार मीटर उंचीवर. रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो, गवत वाळते, बर्फ पडला तर तेही झाकले जाते. उपाशी जनावराचा थंडीपुढे टिकाव लागत नाही. पिल्लांना न्यूमोनिया होतो, गाभण मादी गाभडते. ऑगस्ट २०१३ मधील हिमवृष्टीत हजारो अल्पाका मेले आणि सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली.

उपाय काय?
उपाय साधेच आहेत: रात्री निवाऱ्याला शेड, ओटची साठवलेली वैरण, वेळेवर जंतनाशक आणि औषधे. पण त्यासाठी पशुपालकाच्या हातात पैसा हवा.

पैसा कुठे अडतो?
लोकर साधारण वर्षातून एकदाच कातरतात. जितका तंतू बारीक, तितका भाव जास्त. मात्र अनेक पशुपालक प्रतवारी न करता सरसकट वजनावर लोकर विकतात. त्यामुळे बारीक लोकरीलाही जाड्याभरड्या लोकरीचाच भाव मिळतो. प्रतवारी पुढे अरेकिपा शहरातील गिरण्यांमध्ये होते आणि वाढीव किंमतही तिथेच राहते. म्हणूनच गावपातळीवर एकत्र येऊन प्रतवारी करणे आणि मगच विकणे महत्त्वाचे ठरते.

नुकसान लवकर भरून का निघत नाही?
अल्पाकाचा गर्भकाळ ११ महिन्यांहून अधिक असतो. मादी वर्षाला जेमतेम एकच पिल्लू देते. एका हिवाळ्यात गेलेला कळप पुन्हा उभा राहायला कित्येक वर्षे लागतात.