आजीची बोली परकी झाली

सिंगापूरच्या चिनी घरांत पूर्वी होक्कियन, तिओच्यू, कँटोनीज अशा बोली नांदत. दक्षिण चीनमधून येताना पूर्वजांनी त्या सोबत आणल्या होत्या. साऱ्या चिनी समाजाची भाषा एकच असावी म्हणून पंतप्रधान ली क्वान यू यांनी १९७९ मध्ये ‘मँडरिन बोला’ मोहीम सुरू केली. पुढे रेडिओ-टीव्हीवरूनही बोली हटल्या. शाळेत शिक्षण इंग्रजीतून आणि ‘मातृभाषा’ म्हणून विषय मँडरिनचा! २०२० च्या जनगणनेत घरी प्रामुख्याने इंग्रजी बोलणारे रहिवासी ४८.३ टक्के होते, चिनी बोली बोलणारे अवघे ८.७ टक्के.

ज्येष्ठांपर्यंत सरकारी योजना पोचवायच्या तर त्यांचीच बोली हवी, हे ओळखून २०१६ मध्ये सरकारनेच होक्कियन मालिका काढली. तिच्या नावाचा अर्थ, ‘जेवलात का?’

आपल्या सीमाभागातही ख्यालीखुशाली याच प्रश्नाने सुरू होते. एक आजी ‘जेवलास का?’ म्हणते, दुसरी ‘ऊटा आयता?’ विचारते. नातवंडांनी ज्या त्या आजीला तिच्याच भाषेत उत्तर द्यावे, एवढा आग्रह आई-वडिलांनी जरूर धरावा. पुढचे काम शाळेवर सोपवून भागत नाही, हे सिंगापूरने दाखवलेच आहे.