बनी तो बनी, नहीं तो परभणी!

आमच्या परभणीविषयी एक म्हण साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध आहे : 'बनी तो बनी, नहीं तो परभणी!' जमले तर उत्तमच, नाही जमले तर परभणी आहेच! ही म्हण कोणी कोणत्या वैतागाच्या क्षणी काढली असेल ती असो. पण नव्या तऱ्हेचे केस कापून घ्यायला खुर्चीत बसलेल्या तरुणाच्या मनःस्थितीचे इतके नेमके वर्णन मला तरी दुसरीकडे आढळलेले नाही. गळ्याभोवती कापड आवळले जाते, कात्री कानाशी कुजबुजू लागते, आपण डोळे मिटून घेतो आणि मनात म्हणतो, बनी तो बनी!

गोष्ट २००३ सालची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये 'तेरे नाम' हा चित्रपट आला आणि सलमान खानचा तो मधोमध भांग, दोन्ही बाजूंनी गालांवर उतरलेली ती झुलपे, यांनी गावोगावच्या पोरांना वेड लावले. आमच्या कॉलेजच्या कंपूतील एका मित्रानेही तसेच केस राखण्याचा संकल्प सोडला. आता केसांचे गणित असे आहे, की ते महिन्याला जेमतेम अर्धा इंच वाढतात. गालापर्यंत झुलपे यायची तर वर्षभर तपश्चर्या हवी. आमच्या मित्राला दिवाळीपर्यंतही धीर नव्हता! नानलपेठेतील कटिंगवाल्या मामांनी त्याला परोपरीने समजावले, "बाबा, सिनेमातला भांग वेगळा आणि तुझ्या टाळूवरचा भोवरा वेगळा. केस भोवऱ्याचं ऐकतात, माझं नाही!" पण ऐकतो कोण?

व्हायचे तेच झाले. मधोमध भांग पडला खरा. पण दोन्हीकडचे केस खाली उतरण्याऐवजी छपरासारखे आडवे उभे राहिले. खोबरेल तेलाची अर्धी बाटली रिकामी झाली, तरी छप्पर काही बसेना. संध्याकाळी हे ध्यान चहाच्या टपरीवर आले आणि आम्हाला दिवाळी आधीच साजरी झाल्यासारखे वाटले.

"लेका, पावसाळा संपला की! आता छत्री मिट!"

"अरे, हळू बोला. पुस्तक उघडं ठेवलंय, पान उडेल!"

तेवढ्यात कृषी विद्यापीठात शिकणारा आमच्यातला एक जण गंभीरपणे म्हणाला, "ही खरी परभणी क्रांती!" 'परभणी क्रांती' हे आमच्या विद्यापीठाने काढलेल्या भेंडीच्या वाणाचे नाव. झाले! त्या दिवसापासून त्या केशरचनेला तेच नाव पडले. मित्रही सर्वांत मोठ्याने हसला आणि सर्वांच्या चहाचे पैसे त्यानेच दिले.

खरे पाहता या थट्टेत नवीन काहीच नव्हते. १९६० साली 'लव्ह इन सिमला'मध्ये साधनाच्या रुंद कपाळावर दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीची बट आणली, आणि 'साधना कट' घराघरांत शिरला. कपाळावर केस घेऊन आलेल्या लेकीला "तुझं कपाळ गेलं कुठं?" असे विचारणाऱ्या आज्या तेव्हा घरोघरी होत्या. पुढे देव आनंदचा कोंबडा मिरवून झालेले वडील, कान झाकणाऱ्या अमिताभ कटाच्या मुलांना नावे ठेवू लागले. प्रत्येक पिढी आपला फोटो लपवते आणि पुढच्या पिढीला हसते! केस पुन्हा वाढतात, म्हणून ही थट्टा निरुपद्रवी. असा आमचा पक्का समज होता.

हा समज त्याच हिवाळ्यात मोडला.

आमच्यातला एक जण गंगाखेडचा. तो एकदा पंधरा दिवस गावाकडे गेला. त्या काळी आम्हा पोरांजवळ मोबाइल कुठले? तो परतला तेव्हा स्टेशनबाहेर लांबूनच त्याचे डोके चकाकताना दिसले. चकोट गोटा! आमच्याकडे तिरुपतीला जाऊन केस देणारे पुष्कळ. आम्ही एका सुरात ओरडलो, "गोविंदा, गोविंदा!" कोणीतरी म्हणाले, "ती क्रांती, तर हा परभणी मोती!" कारण 'परभणी मोती' हे ज्वारीचे वाण. आणि मी? मी पुढे होऊन त्याच्या डोक्यावर खणखणीत टपली मारली.

तो हसला नाही. पिशवी खाली ठेवत एवढेच म्हणाला, "वडील गेले रे."

माझा हात तसाच वर राहिला. आज इतकी वर्षे झाली, पण त्या तळहाताला तो स्पर्श अजून आठवतो. एकाने डोके हौसेने सजवले होते, दुसऱ्याचे गोदाकाठी दुःखाने उतरले होते. आणि आम्ही दोघांनाही एकाच मापाने हसलो होतो.

केस आपल्या खुशीने जातात की नाही, यात केवढे अंतर असते! आपल्याकडे विधवांचे केशवपन होत असे, तेव्हा त्यांच्या खुशीचा प्रश्न कोणी विचारला? १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे त्यांनी ठरवले. ज्यांच्या हाती वस्तरा होता, त्यांना ते कळले; आमच्या हाती नुसती टपली होती, तरी आम्हाला कळले नव्हते.

त्याच गंगाखेडच्या संत जनाबाई. त्यांच्या नावच्या एका अभंगात उवांनी बेजार झालेल्या जनीचे केस प्रत्यक्ष विठोबा विंचरून देतो. दुसऱ्याच्या डोक्याला हात लावायचा तर तो असा लावावा!

माफी मागायला मला शब्द सुचले नाहीत. मी रोज त्याच्याबरोबर खोलीपर्यंत चालत जाई, एवढेच. पंधरा-वीस दिवसांनी तो टपरीवर आला, टोपी काढली आणि खुंट दाखवत म्हणाला, "आता मारा रे टपली. मोती उगवलाय!" कोणाचाच हात उठेना. शेवटी त्यानेच माझा हात धरून आपल्या डोक्यावर आपटला. त्या दिवशी आम्ही हसलो, आणि हसता हसता डोळेही पुसले. थट्टेची परवानगी डोक्याच्या मालकाकडे असते, हा धडा आम्हाला त्याने दिला.

परवा माझा मुलगा दोन्ही बाजू सफाचट आणि मध्ये तुरा, असे काहीतरी करून आला. त्याच्या आईने कपाळाला हात लावला. मी मोबाइलवर मित्रांना फोटो पाठवणार होतो. पण टपरीवर समोरच्याचा चेहरा दिसतो, फोटोवर हसणाऱ्याला तो दिसत नाही. म्हणून आधी चिरंजीवांनाच विचारले, "पाठवू का?"

त्याने आरशात पाहिले, तुऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "पाठवा बाबा. बनी तो बनी..."

पुढचे आम्ही दोघे एकदमच म्हणालो!