जुने घर, नवे बिऱ्हाड

सुरतेतील कतारगामात जुने घर घेतलेले एक जोडपे मध्यंतरी आमच्याकडे आले. गाठचे पैसे मोजकेच. ते फरशीवर घालावे की रंगावर, असा उभयतांत वाद होता. आम्ही म्हटले, "आधी तापीस विचारा!"

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा बराच भाग बुडाला होता. आपल्या भिंतीशी पाणी कोठवर चढले, हे शेजारच्या वृद्धांस विचारावे. विजेची बटणे व धान्याची कोठी त्या खुणेच्या वर न्यावी.

मग छप्पर, वाशांतील वाळवी व भिंतींची ओल पाहावी. चुन्यात बांधलेल्या भिंतीस सिमेंटचा गिलावा देऊ नये. आत कोंडलेली ओल विटा पोखरते. तेथे चुनाच बरा. विजेच्या जुन्या तारा गिलाव्यापूर्वी बदलाव्या, नाहीतर नवी भिंत पुन्हा फोडावी लागते. फरशी त्यानंतर, रंग सर्वांत शेवटी.

बिऱ्हाड आल्यावर कौले उतरविणे कठीण. रंग मात्र पुढल्या वर्षीही देता येतो. त्या जोडप्याने छप्पर आधी केले, फरशी जुनीच ठेविली. वाचकहो, घर सजविण्यापूर्वी ते सावरावे, हे बरे.