फाटक्या सुराची पेटी

गेल्या मे महिन्यात एका रात्री घरभर राळेचा वास पसरला, तेव्हा आमच्या सौ.ना वाटले, शेजारी कोणाचे धुपाटणे उलटले. प्रत्यक्षात आमचे चिरंजीव गॅलरीत बसून डाख देत होते. अभियांत्रिकीचे दोन विषय राहिल्यापासून आम्हां बापलेकांत बोलणे जवळजवळ बंद होते. त्यामुळे ‘हे काय चालले आहे?’ हा प्रश्न मी त्यांच्या आजीमार्फत विचारला. उत्तरही आजीमार्फतच आले, “गिटारचा आवाज फाडायची पेटी करतोय म्हणे!”

आवाज फाटू नये म्हणून गवई जन्मभर पहाटे उठून रियाज करतात, आणि इथे तो मुद्दाम फाडायचा! मला कुतूहल वाटले. चौकशी केली तेव्हा कळले की या फाटक्या सुरालाही चांगली साठ वर्षांहून जुनी परंपरा आहे.

अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्सचे ‘डोन्ट वरी’ हे गाणे ध्वनिमुद्रित होत असताना यंत्रात बिघाड झाला आणि ग्रेडी मार्टिनचे वादन घोगरे, करकरीत उमटले. १९६१ साली ते गाणे तसेच बाहेर पडले आणि गाजले. लोक तोच आवाज मागू लागले. तेव्हा ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने तो बिघाड हुकमी घडवणारे यंत्र रचले. गिब्सन कंपनीने १९६२ साली ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने ते बाजारात आणले. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ते वाजले आणि पेटीचे नशीब उघडले. ‘किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने तर त्याआधी वस्तऱ्याच्या पात्याने स्पीकरचा पडदाच चिरला होता. त्या मानाने आमचे चिरंजीव सौम्यच म्हणायचे.

पेटीचे शास्त्र तसे सोपे आहे. विजेच्या गिटारची तार चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यासमोर थरथरते आणि त्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. ती ट्रान्झिस्टरने इतकी वाढवायची की त्याची मर्यादा ओलांडावी. मग लहरीचे शेंडे छाटले जातात आणि मूळ सुरात नसलेले उपस्वर जागे होतात. चिरंजीवांनी निवडलेली रचना १९६६ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘फझ फेस’ची. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन फिरवायच्या खुंट्या, पायाने दाबायचे एक बटण आणि नऊ व्होल्टची बॅटरी. बटण पायाचे का, तर दोन्ही हात तारांवर गुंतलेले असतात म्हणून.

बाकीचे सामान बुधवारातल्या तपकीर गल्लीत मिळाले. अडले ते जर्मेनियमच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर. तेव्हा आजीने माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून दिला. माझे वडील हौसेने रेडिओ दुरुस्त करीत. हा डबा गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी भंगारात काढला होता. आईने तो परत आत नेऊन ठेवला होता, हे मला त्या दिवशी कळले.

डब्यात कागदाच्या पुड्या होत्या. प्रत्येकीत एक ‘एसी १२८’, आणि वर वडिलांच्या अक्षरात शेरा: ‘बरा’, ‘उत्तम’, ‘गळका’. मला वाटले, गंमत असेल. चिरंजीव मात्र एकदम गंभीर झाले. जर्मेनियममधून नको तिथे थोडी वीज झिरपते, उन्हाळ्यात तर अधिकच, म्हणून प्रत्येक ट्रान्झिस्टर मोजून घ्यावा लागतो. शिवाय जाणकारांच्या मते या रचनेत पहिल्याने वीज साधारण सत्तरपट वाढवावी, दुसऱ्याने एकशेवीसपट. त्याने मीटर लावून सारे मोजले. आजोबांचा एकही शेरा चुकला नव्हता.

पेटी तयार झाली, आणि मुकी राहिली. तीन रात्री त्याने डाख पुनःपुन्हा तपासले. चौथ्या रात्री न राहवून मी गॅलरीत गेलो. “बाबा, जरा बॅटरी धरा,” तो म्हणाला. मी विजेरी धरून उभा राहिलो आणि सवयीने नकाशा मुद्रिते वाचावी तसा चिन्हागणिक वाचू लागलो. “अरे, इथे अधिकचे चिन्ह खालच्या रेघेला लागले आहे. तुझे उणे लागले आहे.” तो कपाळावर हात मारून हसला. या जातीच्या ट्रान्झिस्टरमध्ये सारे उलटे. धन टोक भूमीला जोडायचे. सुदैवाने ट्रान्झिस्टर जळले नव्हते. तारा बदलल्या आणि गिटार अशी गरजली की खालच्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात आले.

आता घरात अशा चार पेट्या आहेत. एका फळीवर त्या चिकटपट्टीने बसवल्या आहेत. त्यांच्याही पंक्तीला क्रम असतो. फाटका सूर गिटारला लागून पहिला, प्रतिध्वनीची पेटी शेवटी. उलट केले तर प्रतिध्वनीच फाटतात आणि सगळा काला होतो. आजोबांच्या ट्रान्झिस्टरवाल्या पेटीला मात्र स्वतंत्र बॅटरी. इतरांचा वीजपुरवठा तिला जोडला तर उलट्या टोकांमुळे शॉर्टसर्किट होते. सुटे भाग होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत आणि सौ.च्या जुन्या मिसळणाच्या डब्यात राहतात. नारिंगी-नारिंगी-नारिंगी पट्टे म्हणजे ३३ हजार ओहम, हे आता त्याही सांगतात.

त्या रात्री आजी दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “पावसाळ्यात ह्यांचा रेडिओ अस्साच करकरायचा. मग हे रात्र रात्र जागून तो साफ करायचे.” थोडे थांबून तिने विचारले, “आणि तू तो करकर व्हावा म्हणून जागतोस होय?”

राहिलेल्या दोन विषयांची परीक्षा दिवाळीनंतर आहे. ते सुटतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. एवढे खरे की अभ्यास कुठवर आला, हे आता आजीमार्फत विचारावे लागत नाही. आणि दिवाळीच्या साफसफाईत यंदा तो डबा मी स्वतः पुसून कपाटात ठेवला आहे.